हिरवळीची किंमत

बारमाही विलासी विश्रामस्थाने आणि त्यांना जोडून गोल्फची मैदाने उभारली की किनाऱ्याचा विकास साधतो, असा समज हल्ली बळावला आहे. जवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. तेव्हा असा प्रस्ताव चिंचणीच्या वेशीवर कधी येणारच नाही, असे कोण छातीठोकपणे सांगू शकेल? हिशेब आधीच मांडलेला बरा.

अठरा छिद्रांच्या मैदानास सामान्यतः शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. त्याहून जड प्रश्न पाण्याचा. कोकणात पाऊस चार महिने. उरलेले आठ महिने ती हिरवळ उपशाच्या पाण्यावरच जगणार. हे पाणी कोणाचे? सूर्या प्रकल्पाच्या पाण्यावर इथल्या आदिवासी शेतीची भिस्त होती. ते वसई-विरार व मिरा-भाईंदरकडे वळले. शहराची तहान ही निदान तहान तरी आहे! विहिरी उपसाव्यात, तर किनाऱ्यालगत खारे पाणी आत शिरते आणि त्याची झळ शेजारच्या चिकूच्या वाडीला बसते. रोजगार वाढेल हे खरे; परंतु वाडी विकणाऱ्याच्या हाती रक्कम येते, तिथे राबणाऱ्या वारली स्त्रीची मजुरी मात्र बुडते.

केंद्राच्या १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला आणि साऱ्या तालुक्यातील उद्योगांना मिळून ५०० एकरांची मर्यादा घातली. धूर निघत नाही एवढ्याच कारणास्तव एका खेळाला त्याच्या पाव हिश्श्याएवढी जमीन द्यावयाची काय? असा अर्ज आलाच, तर त्या आठ महिन्यांचे पाणी कोठून आणणार, याचे लेखी उत्तर ग्रामसभेने आधी मागावे. रोजगाराचे आकडे नंतर ऐकावेत.