आधी जागा, मग वीट

आमचं गाव बाजाराचं. शनिवारी आजूबाजूच्या वीस-बावीस खेड्यांतली माणसं येतात, बाकी सहा दिवस धूळ. बैलबाजाराच्या मागे, नाल्याच्या काठाने सात-आठ घरं लिंटलला येऊन थांबली आहेत. वर सळया उघड्या, गंजून लाल झालेल्या आणि त्यांना दोरी बांधून वाळत घातलेले कपडे. त्यातल्या एका घराची मालकीण आमच्या गल्लीत चार घरी धुणंभांडी करते. घरकुलाचा पहिला हप्ता, पंधरा हजार, तिच्या खात्यात आला आणि पाया खणण्यात व खडीच्या एका ट्रॉलीत संपला. पुढचा हप्ता पाया भरल्याचा फोटो मोबाइलवर चढल्याशिवाय निघत नाही. "त्यांना आधी पाया दिसाया पाहिजे काका, आन् मला आधी पैसे," असं ती म्हणाली. शेवटी बचत गटातून उचल घेऊन तिने पाया भरला, भिंती उठवल्या. मग फोटो काढणारे साहेब दोन महिने फिरकले नाहीत.

हे मी पुण्यातल्या एका स्नेह्याला सांगितलं, तर तो हसला. "मुंबई-पुण्यात घर मिळत नाही हे कळतं. खेड्यात कसला आलाय घराचा प्रश्न? जागाच जागा! गावं तर ओस पडतायत. शिवाय फुकट दिलं की ते असंच अर्धवट राहतं. त्यापेक्षा एखाद्या बड्या कंपनीला कंत्राट द्यावं, कॉलनी उभी करावी आणि चाव्या वाटाव्यात." माणूस भला आहे, वाचणारा आहे. म्हणूनच त्याला उत्तर द्यायचं. वेड्याशी वाद कोण घालतो?

जागाच जागा, हे खरं. पण कुणाची? गावठाणाची हद्द आखली गेली ती आजोबा-पणजोबांच्या काळात. एका वाड्याचे चार खण झाले, खणांच्या खोल्या झाल्या, खोलीत पडदा लागला. ज्याचं शेत आहे तो बांधावर घर बांधून मोकळा होतो. ज्याचं शेत नाही त्याला उरतं गायरान किंवा नाल्याचा काठ. विकत घेऊ म्हटलं तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र कमी केलं, तरी ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे. घरकुलाला लागतो अर्धा गुंठा. मग होतं काय? कुणीतरी शेताच्या कडेचा तुकडा 'नोटरी करून' विकतो. घेणाऱ्याजवळ कागद असतो, पण त्याचं नाव सातबाऱ्यावर चढत नाही. ग्रामपंचायत नमुना ८ चा उतारा देते, तो लॅमिनेट करून माणसं ट्रंकेत जपतात. पण नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. बँकेचा शाखाधिकारी तो पाहतो आणि चहा विचारतो. कर्जाचं मात्र बोलत नाही.

सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. तुकडेबंदीच्या नियमांत घरकुलासाठी सवलत दिली गेली. बेघरांना जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला पूर्वी ५० हजार मिळत, आता एक लाखापर्यंत मिळतात. योजना चांगली आहे, फक्त तिच्यात एक गृहीत धरलेला माणूस आहे: अर्धा गुंठा विकायला तयार असलेला शेतकरी. तो आम्हाला अजून भेटलेला नाही. रस्त्याकडेची जमीन असलेला माणूस दुकानदाराला सबंध प्लॉट विकेल, शाळामास्तरला दोन गुंठे देईल. धुणंभांडी करणाऱ्या बाईला कोपरा कापून देऊन उरलेल्या जमिनीचा भाव तो कशाला पाडून घेईल?

एक हिशेब मांडतो. गावठाणाला लागून पाच एकर जमीन घेतली, म्हणजे दोनशे गुंठे. रस्ते, गटार, मोकळी जागा यांना चाळीस टक्के सोडले तर एकशे वीस गुंठे उरतात, म्हणजे अर्ध्या गुंठ्याचे दोनशे चाळीस प्लॉट. आमच्याकडे गावालगतच्या जिरायतीला एकरी तीस लाख सांगतात. सांगतात तोच भाव धरू, घासाघीस नको. दीड कोटी झाले. दोनशे चाळीसांनी भागा: प्लॉटला साडेबासष्ट हजार. माणशी एक लाखाची जी मदत कागदावर आहेच, तिच्यातून साडेसदतीस हजार उरतात. तेवढ्यात मुरमाचा रस्ता, पाण्याची लाईन आणि विजेचे खांब यांची सुरुवात तरी नक्की होते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीचं अकृषिक रूपांतर सोपं करण्याची तरतूद जमीन महसूल कायद्यात झालेलीच आहे. म्हणजे कायदा आहे, पैसा आहे. एकेका गरिबाला एकेका शेतकऱ्याच्या दारात उभं करण्याऐवजी ग्रामपंचायतीने किंवा जिल्हा परिषदेने एकदाच जमीन घ्यावी, आखावी आणि नवऱ्या-बायकोच्या नावाने सातबाऱ्यासारखा खणखणीत कागद हातात द्यावा, एवढंच कुणी करत नाही. घरांचं उत्पादन वाढवा असं सगळे म्हणतात. खेड्यात आणि लहान शहरात खरी टंचाई आहे ती कायदेशीर प्लॉटची. भट्टीवर वीट पडून आहे आणि मिस्त्री पारावर बसून आहे.

गावं ओस पडतायत, याच्यात तथ्य आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. कोकणात कुलूप लावलेली घरं मी पाहिली आहेत, अंगणातल्या तुळशीसकट सुकलेली. पण कुलपं कुणाच्या घराला आहेत तेही बघा. ती चाकरमान्याची आहेत, ज्याचं मुंबईत बिऱ्हाड झालं त्याची. रिकामं घर आणि बेघर माणूस एकाच गावात सुखाने नांदतात. शहरांतही तेच. २०१२ च्या केंद्रीय तांत्रिक गटाने नागरी भागात १.८८ कोटी घरांची तूट मोजली, तर २०११ च्या जनगणनेत नागरी भागातच १.१ कोटीच्या वर घरं रिकामी निघाली. आणि त्या तुटीतला मोठा हिस्सा, सुमारे दीड कोटी, उघड्यावर झोपणाऱ्यांचा नव्हता, दाटीवाटीने राहणाऱ्यांचा होता. एका खोलीत म्हातारा-म्हातारी, लग्न झालेला मुलगा आणि दहावीची परीक्षा. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी ग्रामीण तूट धरली होती ४.३७ कोटी. बीडचा ऊसतोड कामगार सहा महिने कोपीत राहतो म्हणून त्याला गावात घर नको, असं म्हणणाऱ्याने त्याची मुलं त्या सहा महिन्यांत कुठे राहायची तेही सांगावं.

आता फुकटाची गोष्ट. इथे मी आधी स्वतःची चोपडी उघडतो. मी घरासाठी कर्ज काढलं तेव्हा व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळायची. जुन्या करप्रणालीत आजही मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे वर्षाला साठ हजार वाचतात. दोन वर्षांत एक लाख वीस हजार. सपाट भागातल्या घरकुलाला केंद्राच्या योजनेतून मिळणारी रक्कमही बरोब्बर एक लाख वीस हजार, आणि ती जन्मात एकदाच. मला माझी मदत वर्षानुवर्षं मिळाली. कुणी फोटो काढायला आलं नाही, ग्रामसभेत कुणी माझं नाव वाचलं नाही आणि रेवडी हा शब्द माझ्या वाट्याला कधी आला नाही.

शिवाय एक लाख वीस हजारांत होतं काय? घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, म्हणजे २६९ चौरस फूट. भागाकार केला तर फुटाला ४४६ रुपये येतात. हा आकडा २०१६ चा आहे. सिमेंटला तो कुणी सांगितलेला नाही. रोजगार हमीचे ९० दिवस ३१२ रुपयांनी धरा, शौचालयाचे बारा हजार धरा, राज्याने २०२५ मध्ये वाढवून दिलेल्या पन्नास हजारांतले सौरऊर्जेचे पंधरा वगळून पस्तीस धरा. सगळं मिळून एक लाख पंचाण्णव हजार, फुटाला सव्वासातशे. आमच्याकडचा मिस्त्री मालासकट चौदाशेच्या खाली बोलत नाही. उरलेले पैसे ती बाई घालते: बचत गटाचे, भावाचे, कानातल्याचे. जिथे निम्मा खर्च घेणाऱ्याचा आहे, त्याला फुकट म्हणायचं कसं?

कंपनी आणि कॉलनी हा माझ्या स्नेह्याचा आवडता मुद्दा. घरांचा प्रश्न सरळ बाजारावर सोडावा म्हणाल, तर लहान गावातला बिल्डर रो-हाऊस बांधतो, मास्तर आणि व्यापारी डोळ्यांपुढे ठेवून. सक्ती करावी, तर चार हजार चौरस मीटरवरच्या प्रकल्पात वीस टक्के लहान घरं ठेवण्याचा आपला नियम मुळात लिहिला गेला तोच दहा लाखांवर लोकवस्तीच्या महापालिकांसाठी. जालना, परभणी, धाराशिव त्या यादीत कुठून येणार? राहिली सरकारी कॉलनी. तिचा सगळ्यात मोठा प्रयोग मराठवाड्याने पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं, बुद्धिबळाच्या पटासारखे रस्ते. भूमिहीनाला अर्थातच २५०. कंत्राटदाराने पक्की घरं बांधली, यात वाद नाही. पण बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, ओटा कुठे आणि शेजार कुठला, हे नकाशात नव्हतं. काही वर्षांत त्या घरांना पत्र्याचे आडोसे फुटले. माणसांनी आपलं घर शेवटी स्वतःच बांधून घेतलं, फक्त दुसऱ्यांदा खर्च करून.

किल्लारीच्या त्याच पुनर्वसन कार्यक्रमाला एक दुसरी बाजू होती, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. ज्या गावांत पडझड कमी होती, तिथे घरमालकाच्या खात्यात हप्त्याने पैसे दिले, अभियंते गावोगाव फिरले, गवंड्यांना भूकंपाला टिकणारं बांधकाम शिकवलं. गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं. कुणाचा हप्ता अडला, कुणाला पट्टा कुठे घालायचा कळत नाही, हे त्या बघत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'लोकांना बांधू द्या' एवढंच म्हणून थांबणं बेजबाबदारपणाचं आहे. किल्लारीत माणसं मेली ती लोकांनीच बांधलेल्या घरांत, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. घर मालकाने बांधावं, पण शेजारी अभियंता उभा हवा. आज एका कनिष्ठ अभियंत्याच्या अंगावर शेकडो घरकुलं असतात, आणि त्याचं मुख्य काम फोटो.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सोलापूरचं उदाहरण देता येईल, आणि ते द्यावंच. कुंभारीला कामगार नेते आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायकांनी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. पुढे तिथेच तीस हजार घरांचं रे नगर आलं, त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. तयार घरं, एकसारखी, कंत्राटाने बांधलेली. मग माझा मुद्दा पडला का? मला वाटतं नाही पडला. रे नगर उभं राहिलं ते कामगारांची सहकारी संस्था आधी उभी होती म्हणून. तिने वर्षानुवर्षं मोर्चे काढले, जमीन मिळवली, आणि घर कुणाला ते बांधण्याआधीच ठरलेलं होतं. जिथे असं संघटन आहे तिथे खुशाल तीस हजार बांधा. वीस हजार वस्तीच्या गावात ना तेवढे विडी कारखाने असतात, ना तसे आडम मास्तर.

लहान गावाला जवळचं वाटावं असं उदाहरण मोठ्या शहरातलं आहे, इंदूरचं. पुण्यात जन्मलेल्या वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी तिथे १९८० च्या दशकात अरण्य वसाहत आखली. सुमारे साडेसहा हजार प्लॉट. गरिबाला दिला तो आखलेला प्लॉट, जोतं, पाणी आणि मलनिस्सारणाला जोडलेला संडास. पुढची खोली, जिना, ओटा ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे आणि सवडीप्रमाणे चढवला. दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं तेव्हा आपण अभिमानाने बातम्या छापल्या. अरण्यचा नकाशा मात्र एकाही नगरपंचायतीच्या भिंतीवर मी लावलेला पाहिला नाही.

आणि नगरपंचायतींचंही एक वेगळंच. दहा वर्षांपूर्वी तालुक्यांच्या ग्रामपंचायती रातोरात नगरपंचायती झाल्या. पाटी बदलली, गाव तेच राहिलं. पण घरकुलाची ग्रामीण यादी सुटली आणि शहरी योजना लागू झाली. तिच्यात अनुदान जास्त, अडीच लाख, म्हणजे आनंदच. अट एकच: जागेच्या मालकीचा पुरावा. ट्रंकेतला नमुना ८ तिथे पुन्हा बाहेर निघाला आणि पुन्हा आत गेला.

पहिला हप्ता पंधरा हजारांऐवजी पाया आणि जोतं पुरं होईल एवढा असावा, हे सांगायला कुठल्या समितीची गरज नाही. कुठलाही मिस्त्री सांगेल. प्लॉटच्या कागदावर बँकेने लाख-दीड लाखाचं छोटं कर्ज द्यावं. परगावच्या नर्सबाईंना आणि एसटीच्या कंडक्टरला भाड्याने खोली मिळत नाही, म्हणून मी म्हणतो त्या प्लॉटच्या वसाहतीत वर एक खोली चढवायला मुभा असावी, म्हणजे धुणंभांडी करणाऱ्या त्या बाईला महिन्याला दोन पैसे सुटतील.

तिने अक्षय्य तृतीयेला मुहूर्त म्हणून बाजारातून दाराची चौकट घेतली. घराला अजून छप्पर नाही, तिथे ठेवली तर चोरीला जाईल म्हणून ती आमच्या ओसरीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. सकाळी भांडी घासून झाली की ती ओल्या फडक्याने चौकट पुसते. परवा आभाळ भरून आलं तेव्हा तिने विचारलं, "काका, ही पाऊसभर हितंच ऱ्हाऊ द्या का?"