वाहत्या नदीचे गाणे आणि बुडालेले गाव

शाहूपुरी, कोल्हापूर

‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या रॉक वाद्यवृंदाची ‘कंदिसा’ ही ध्वनिमुद्रिका २००० साली निघाली. तीत ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचे पारंपरिक गीत आहे. वाद्यवृंदातील बासगिटारवादक राहुल राम हे नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते होते. नदीकाठच्या माणसांत वावरलेल्या कार्यकर्त्याने हे गीत शहरातील लक्षावधी तरुणांपर्यंत नेले, ही गोष्ट पुरोगामी चळवळीने दुर्लक्षावी अशी खचितच नव्हे.

गिटार आणि ड्रम म्हटले की ‘पाश्चात्त्य धांगडधिंगा’ म्हणून नाके मुरडणारे साथी आपल्यातही आहेत. कोल्हापुरात तरी हा आक्षेप शोभत नाही. उत्तरेतून आलेल्या अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारी आश्रय दिला आणि या नगरीने त्यांची गायकी आपलीच मानली. वाद्य कोठून आले हा प्रश्न गौण आहे. ते कोणाचे दुःख वाहून नेते, हा खरा प्रश्न होय.

आणि नेमका तेथेच विचार करावा लागतो. या गीतात रेवेच्या निर्मळ, वाहत्या पाण्याची स्तुती आहे. धरणाचा उल्लेख नाही. गीत परंपरेचे असल्याने तो असणारही नाही. परंतु ज्या वर्षी ही ध्वनिमुद्रिका निघाली, त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचे बांधकाम पुढे नेण्यास परवानगी दिली. आपल्या राज्यातील ३३ आदिवासी गावे या धरणाच्या बुडीत क्षेत्रात आली. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीत तर १९९३ च्या पावसाळ्यातच पाणी शिरले होते. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले व उंची १३८.६८ मीटरवर गेली. वाहत्या पाण्याचे गाणे घरोघर पोहोचले. पाणी मात्र थांबले. श्रोत्याला नदी ऐकू येते, बुडालेले गाव ऐकू येत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. शाहूपुरी ही पेठ १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसली. ज्या उसावर हा व्यापार वाढला, त्या उसाला धरणाचे पाणी लागले. त्या पाण्याचे ऋण भोगावती, दूधगंगा आणि वारणा खोऱ्यांतील उठलेल्या गावांचे आहे. त्या गावांच्या ओव्या आणि झिम्मा-फुगडीची गाणी कोणी मुद्रित केली?

कायदाही येथे श्रीमंताच्याच बाजूला उभा आहे. लोकगीताला ज्ञात कर्ता नसल्याने त्यावर कोणाचा स्वामित्वहक्क चालत नाही. पण तेच गीत ध्वनिमुद्रित होताच त्या मुद्रणावर निर्मात्याला साठ वर्षांचा हक्क मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या गाणे जपणारा समाज मात्र रिकाम्या हाताने राहतो. हा दोष कलावंतांचा नसून मालमत्तेच्या व्यवस्थेचा आहे. याच वाद्यवृंदाने २०१० पासून ‘१६/३३० खजूर रोड’ या संग्रहातील गाणी श्रोत्यांना विनामूल्य दिली. कंपनीच्या तिजोरीवाचूनही गाणे पसरू शकते, हे त्यातून दिसले.

म्हणून दोन गोष्टी मागितल्या पाहिजेत. लोकगीत मुद्रित करणाऱ्या प्रत्येक कंपनीने ते कोणत्या गावाचे, कोणत्या समाजाचे हे स्पष्ट छापावे आणि उत्पन्नाचा वाटा त्या समाजाला द्यावा. कार्यकर्त्यांनीही आपल्या तालुक्यातील विस्थापितांच्या वसाहतींत जाऊन तेथील वृद्ध स्त्रियांची गाणी, त्यांच्या संमतीने व नावानिशी, मुद्रित करावीत. जमीन गेली तिचा मोबदला निदान कागदावर तरी लिहिला जातो. गाण्याची नोंद कोणताही तलाठी ठेवत नाही. ती आपणच ठेवली पाहिजे.