पावसात पाण्याचा काठ सोडा : खाडीकाठच्या मंडणगडकरांना कळकळीचं आवाहन



मिरग तोंडावर आला आहे. आगोटीची कामं उरकत आली आहेत. पहिला जोरदार पाऊस पडला की चढणीच्या माशांसाठी बॅटऱ्या आणि पाग घेऊन पोरं रात्री पऱ्यांवर, वहाळांवर उतरतील. त्याआधी हे वाचा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा. म्हाप्रळपासून बाणकोटपर्यंत सावित्रीच्या काठाला राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

सावित्रीत मगरी आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. महाडजवळच्या पात्रात त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. तेच पाणी पुढे आपल्या दाराशी येतं. पुरातली सावित्री काय आणि कुठवर वाहून नेते, हे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री आपण पाहिलं. महाडजवळचा जुना पूल कोसळला, दोन एसटी गाड्या माणसांसकट पात्रात गेल्या आणि वाहून गेलेल्यांचा शोध पार हरिहरेश्वरापर्यंत घ्यावा लागला. शोध घेणाऱ्यांच्या मनात तेव्हाही मगरींची धास्ती होती. मगर गोड्या पाण्यातली खरी, पण थोडं मचूळ पाणीही सोसते. त्यामुळे ‘आमच्या बाजूला कधी दिसली नाही’ या भरवशावर राहू नका.

आता वेगाविषयी. दर पावसाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो : मगर जमिनीवर घोड्यासारखी धावते, म्हणून ती मागे लागली तर नागमोडी पळा. हे दोन्ही साफ खोटं आहे आणि त्यातून नुकसानच होतं.

जून २०२४ च्या अखेरीला चिपळूणच्या चिंचनाका भागात भर पावसात एक मगर रस्त्यावर आली होती. ती चित्रफीत तुम्ही पाहिली असेल, तरी पुन्हा नीट पाहा. पोट जमिनीवरून उचललेलं, चारही पाय ताठ, शेपूट मागे ओढलेलं. गाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात ती चालली आहे माणूस बाजारातून घरी येतो त्या चालीने. शिकारीसाठी निघालेली मगर अशी रस्त्याने जात नाही. शिव आणि वाशिष्ठी फुगल्या की वस्तीत पाणी शिरतं, मगर त्या पाण्याबरोबर येते आणि परतीची वाट शोधत असते.

जीव वाचवायला ती जोरात सुटतेही, पण किती? ऑस्ट्रेलियातल्या गोड्या पाण्याच्या मगरी चक्क उड्या घेत दौडतात, आणि अभ्यासकांनी त्यांचा मोजलेला वेग ताशी १७ किलोमीटरच्या आसपास आहे. तोही काही पावलांपुरता. अमेरिकेतली अ‍ॅलिगेटर ही मगरीची चुलत जात, तीही जमिनीवर याच्या फार पुढे जात नाही. आपल्या हायस्कुलातला जो मुलगा शंभर मीटर १८ सेकंदांत धावतो, त्याचा वेग ताशी २० किलोमीटर झाला. गावातलं कुत्रं त्याहून कितीतरी जोरात धावतं, बिबट्या तर ताशी ५० च्याही वर जातो. मगरीचं रक्त थंड, तिच्या स्नायूंना दम नसतो. थोड्या धावपळीत त्यांत आम्ल साठतं आणि ती गळून जाते. मोठ्या मगरीला जमावाने फार वेळ झुंजवलं तर तेवढ्यानेही ती मरू शकते.

म्हणून जमिनीवर मगर दिसली तर घाबरून सैरावैरा धावू नका. पाण्याच्या उलट दिशेला सरळ, भराभर चालू लागा. नागमोडी पळण्यात फक्त अंतर वाया जातं. ती आपला पाठलाग करणार नाही.

पाण्याच्या काठावरची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि माझी सगळी कळकळ त्यासाठीच आहे. तिथे मगर धावत नाही, झेप घेते. गढूळ पाण्यात फक्त नाकपुड्या आणि डोळे वर, बाकी सगळं धूड खाली. शेपटीच्या एका फटक्यासरशी ती काठावरच्या माणसापर्यंत किंवा गुरापर्यंत येते. त्या क्षणी कुणीही कितीही चपळ असो, वळायलासुद्धा वेळ मिळत नाही. माणसं सापडतात ती अशी, ओणवी असताना. धुणं धुताना, भांडी घासताना, गुरं पाजताना, गुडघाभर पाण्यात उभं राहून पाग टाकताना.

आयाबायांनो, पावसाळ्याचे चार महिने धुणं विहिरीवर नाहीतर नळावर करा. ओहोटीला कालवं, शिंपल्या काढायला एकट्या जाऊ नका आणि अंधार पडायच्या आत काठ सोडा. गुरांना पाणी बादलीने दाखवा. चढणीच्या माशांचा नाद सुटणार नाही हे मीही जाणतो, पण खाडीला मिळणाऱ्या वहाळाच्या तोंडाशी रात्री उतरू नका. वर, उथळ पाण्यात, दोघा-तिघांनी मिळून जा. बॅटरीचा झोत आधी पाण्यावरून सावकाश फिरवा. मगरीचे डोळे त्या उजेडात निखाऱ्यासारखे लाल चमकतात. तसं काही दिसलं तर त्या रात्री मासे राहू द्या.

अजून एक गोष्ट, मुलांना मुद्दाम सांगा. मगर उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. वीत-सव्वा वीत लांबीचं पिल्लू दिसायला गमतीचं असतं, पण त्याची आई जवळपासच असते. हात लावू नका, बाटलीत भरून घरी आणू नका.

मगर वस्तीत आलीच, तर दगड-काठ्या घेऊन धावू नका, दोरी टाकू नका, तिच्यासोबत फोटो काढायला पुढे जाऊ नका. चहूबाजूंनी कोंडलेली मगर चावते. पाण्याकडची बाजू मोकळी सोडा, बाकी माणसांना लांब थांबवा, कुत्री बांधून घाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, तिला मारणाऱ्याला तुरुंगाची शिक्षा होते. दुर्दैवाने कुणाला चावलीच, तर जखम लहान दिसली तरी घरगुती लेप लावत बसू नका. रक्त दाबून धरा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि थेट दवाखाना गाठा. मगरीच्या तोंडातल्या जंतूंनी जखम फार लवकर चिघळते.

वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे, मगर दिसली की त्यावर लगेच फोन करा. पोलीस पाटील आणि सरपंचांनाही कळवा. हा क्रमांक आजच वाडीवाडीच्या ग्रुपवर टाका, खाडीवरच्या प्रत्येक उतरणीला पाटीवर लिहा आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन सांगून या.