तिखट थोडं, पण खात्रीचं

कोल्हापूरच्या चटणीचं नाव मोठं आहे. पण ती चटणी आपल्या वस्तीत कुठल्या मिरचीची होते, हा आरोग्याचा प्रश्न आहे, असं आम्हाला वाटतं.

गडहिंग्लजच्या बाजारात येणारी संकेश्वरी ही आपल्या भागातली जवारी मिरची. लांब, बारीक आणि झणझणीत. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरवरून तिला हे नाव पडलं. ती पावसावर येते, उतारा कमी देते, बोकड्या रोगाला बळी पडते. म्हणून शेतकरी संकरित वाणांकडे वळले. जवारी दुर्मिळ झाली आणि महागली.

वर्षाची चटणी करायची तर मिरची, मसाला, तेल आणि डंकावरची कुटणावळ यांचे पैसे एकदम लागतात. रोजंदारीवरच्या घराला ते जमत नाही. मग दुकानातून सुटी लाल पूड येते. मिरचीपुडीत बाहेरचा रंग मिसळायला कायद्याने बंदी आहे, तरी भेसळ होते. ग्लासभर पाण्यावर चिमूटभर पूड टाकून बघा. रंगाच्या रेघा लगेच खाली उतरल्या तर संशय घ्या. पण सुदानसारखा तेलात विरघळणारा रंग असा सापडत नाही. म्हणून आमचं सांगणं आहे, अख्खीच मिरची घ्या. बुरशी आलेली, ओलसर मिरची स्वस्त मिळाली तरी नको. बुरशीचं विष भाजून-कुटून जात नाही आणि ते यकृताला घातक असतं.

एकट्या घराला जमत नाही ते बचत गटाला जमतं. दरमहा थोडे पैसे बाजूला काढा आणि हंगामात सगळ्यांची मिरची एकत्र आणा. देठं मिळून खुडा. तेव्हा नाकातोंडाला पदर बांधा, हाताला तेल लावा. मिरचीची आग नुसत्या पाण्याने जात नाही. तिखटपणा तेलात विरघळतो, म्हणून आधी तेल चोळा, मग साबणाने हात धुवा.

दारात चार रोपंही लावा. वाळल्या संकेश्वरीचं बी मे अखेरीस पेरा. सव्वा महिन्याने तळाला भोकं पाडलेल्या तेलाच्या डब्यात एकेक रोप लावा. पानं आकसून चुरगळली तर तो बोकड्या. ते रोप लगेच उपटा, म्हणजे बाकीची वाचतील. वर्षाची चटणी यातून निघणार नाही, पण खरड्यापुरती मिरची घरची होईल.

आता ताटाकडे बघू. जवारी तिखट असते, म्हणून थोडी पुरते. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असतं, पण आपण खातो एक-दोन मिरच्या. तेवढ्याने अंगात रक्त भरत नाही. खरडा-भाकरी हे गरिबीने शिकवलेलं जेवण आहे. त्याची फुशारकी कशाला? घरातल्या बाईच्या वाट्याला शेवटी तेच उरतं, वर उपाशीपोटी अंगदुखीची गोळी. मग पोटात जळजळ होते आणि दोष मिरचीला जातो. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, जमेल तेव्हा अंडं हवंच, आणि वर लिंबू पिळा. लिंबामुळे पालेभाजीतलं लोह अंगी लागतं.

भगिनींनो, चटणी ताटाच्या कडेलाच शोभते. कालवणाची जागा तिला देऊ नका, आणि कालवण संपायच्या आधी स्वतःचं ताट वाढून घ्या.