पहिल्या पंगतीचं पान

अकरा वर्षं आम्ही भाड्याच्या घरात काढली. तीन घरं बदलली आणि प्रत्येक वेळी भिंतीला खिळा ठोकताना मालकांना विचारलं. शेवटी २०२५ च्या जूनमध्ये स्वतःच्या घराची किल्ली हातात आली. कराडमधलंच घर, दुसरा मजला, दोन खोल्या आणि एक हॉल. वीस वर्षांचं कर्ज आहे, पण खिळे हवे तिथे ठोकतो!

घर लागतंय न लागतंय तोच सासूबाईंनी जाहीर केलं, "यंदापासून गौरी तुझ्याकडे. माझे गुडघे आता ऐकत नाहीत." जाऊबाईंची नोकरी पुण्यात, त्यांना तीन दिवस सुट्टी मिळणं कठीण. म्हणजे माझ्या पहिल्या घरातलं पहिलं मोठं जेवण हे थेट गौरीजेवणच. मुखवटे, स्टँड, समया, पाट सगळं एका टेम्पोतून आलं, आणि माझ्या पोटात गोळा.

मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको, गौरी म्हणजे घरोघरी वेगळी तऱ्हा. कुणाकडे नदीवरून मुक्याने आणलेले पाच-सात खडे, कुणाकडे तेरड्याची रोपं, कुणाकडे साडी नेसवलेल्या उभ्या. विदर्भ-मराठवाड्यात याच महालक्ष्म्या, तिकडे सोळा भाज्या आणि आंबील. कोकणात काही घरांतून तिखटाचाही नैवेद्य असतो. आमच्याकडे उभ्या गौरी. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी आणि सवाष्णींना जेवण. तऱ्हा कितीही असोत, कथा मात्र सगळीकडे एकच. गौर म्हणजे तीन दिवसांसाठी आलेली माहेरवाशीण.

कालनिर्णयच्या जुन्या पानामागे मी यादी करायला बसले. सासरची, माहेरची, शेजारची धरून सव्वीस माणसं झाली. हॉलमध्ये एका वेळी नऊच पानं बसणार, म्हणजे तीन पंगती. पहिली बायकांची, त्यात चुलतसासरे, कारण त्यांना औषधामुळे वेळेवर जेवावं लागतं. सव्वा किलो डाळ, तेवढाच गूळ. सगळ्यात वर मी आईचं नाव लिहिलं होतं. सासूबाईंनी यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बरं. सवाष्णी कोण कोण?"

माझे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. घर घेताना बँक म्हणाली, एवढी रक्कम तुमची तुम्ही उभी करा. आमचं जमेना. तेव्हा आईने बाबांच्या मागे राहिलेली दोन लाखांची ठेव मुदतीआधी मोडली आणि पैसे माझ्या हातात दिले. या घराच्या भिंतीत तिच्या विटा आहेत. तिला फोन केला तर ती म्हणाली, "मी आदल्या दिवशी येते. पुरण शिजवून, वाटून देते. जेवायला मात्र विसर्जनाच्या दिवशी येईन."

"का गं?"

"का म्हणजे? सवाष्णी येणार. कुणाच्या मनात काही यायला नको."

मी चिडून म्हटलं, "तुझं पुरण चालतं आणि तू नाही चालत?"

ती हसली. "अगं, पुरणाला कपाळ नसतं."

त्या रात्री झोप लागली नाही. आठवत राहिलं ते हेरवाड. शिरोळ तालुक्यातलं गाव, आमच्यापासून काही फार लांब नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, ४ मे २०२२ ला, तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. पंधरा दिवसांच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तेच करायला सांगितलं. त्या वेळी पेपरात वाचून मी किती आनंदाने मान डोलावली होती! पण ग्रामसभा काही आपल्या हॉलमध्ये पाट मांडायला येत नाही. सरकारचं परिपत्रक सवाष्णींची यादी करत नाही. ती यादी आपण करतो. हातात पेन आपल्याच असतं, आणि खरं सांगते, ते जड होतं.

आणि यादीतून गळतात त्या काय एकट्या विधवाच? नवऱ्याने टाकलेली गळते, घटस्फोट घेतलेली गळते, चाळिशीपर्यंत लग्न न झालेली तर कुणाला आठवतच नाही. उलट पुरुषांचं बघा. आमच्या याच चुलतसासऱ्यांची बायको माझे बाबा गेले त्याच वर्षी गेली. त्यांच्या पानाबद्दल कुणी एका शब्दाने विचारलं नाही, विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मीही त्यांचं नाव बेधडक लिहिलं होतंच की.

सकाळी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि धीर करून म्हटलं, "अहो आई, गौर माहेरी येते म्हणतो ना आपण? मग माझ्या माहेरची माझी आईच पंगतीत नको, हे मला जमणार नाही."

त्या बराच वेळ खडे वेचत राहिल्या. "माझं काही नाही गं. लोक काय म्हणतील?" (हे 'लोक' कुठे राहतात कोण जाणे, पण सणाला मात्र न चुकता हजर!) मग ताट उचलून उठल्या. "आता घर तुझं आहे. तू ठरव." यात आशीर्वाद किती आणि राग किती, ते मला अजूनही कळलेलं नाही.

३१ ऑगस्टला गौरी आल्या. उंबऱ्यापासून पावलं काढून त्यांना घर दाखवलं, स्वयंपाकघर दाखवलं, कपाट उघडलं तेव्हा कर्जाची फाईलही दाखवली. १ सप्टेंबरला पूजा झाली, पानं मांडली. आई आली, पण स्वयंपाकघराच्या दाराशी कडेला बसायला लागली. मी तिला हाताला धरून मधल्या पाटावर बसवलं.

शेजारच्या एक वहिनी सवाष्ण म्हणून आल्या होत्या. त्यांनी ओळ बघितली आणि म्हणाल्या, "माझं आज पोट जरा बरं नाही. मी नुसतं हळदी-कुंकू घेऊन जाते." कुणी काही बोललं नाही. त्या गेल्या. वाढलेलं पान तसंच. पोळीवर तूप, वाटीत आमटी. आईची मान खाली. मला वाटलं, उगाच केला हा हट्ट, माझ्या तत्त्वासाठी मी तिलाच चारचौघांत उघडं पाडलं.

सासूबाई कमरेला पदर खोचून वाढत होत्या. म्हणाल्या, "वाढलेलं पान रिकामं ठेवू नये. बस तू."

"मी? मला वाढायचंय अजून…"

"मी वाढते. बस."

लग्नाला चौदा वर्षं झाली, सणाला पहिल्या पंगतीत बसायची ती माझी पहिलीच वेळ. पोळी गरम असते तेव्हा कशी लागते, ते मी विसरलेच होते. आई हळूच म्हणाली, "वेलदोडा जरा जास्त झालाय ना?" मी म्हटलं, "नाही गं, बरोबर आहे." खरं तर झाला होता जास्त.

जेवणानंतर मी हळदी-कुंकवाचं ताट घेऊन तिच्यापुढे गेले. हळद तिने लावून घेतली. कुंकवाला मात्र तळहात आडवा धरला. मला राग आला, मग वाईट वाटलं. जाताना तीच म्हणाली, "एकेक करून घे. मलाही सवय व्हायला हवी ना." ओटीचा नारळ मात्र घेतला तिने. दोन दिवसांनी त्याच्या वड्या डब्यातून आल्या.

वहिनींची आणि माझी जिन्यात गाठ पडते. दोघीही हसतो, तो विषय काढत नाही. त्यांना दोष तरी काय देऊ? बाबा जायच्या आधी अशा कितीतरी याद्या मीही केल्या होत्या, त्यातून कोण कोण गळलं ते तेव्हा मोजलं नव्हतं. पुढच्या गौरींच्या यादीत वहिनींचं नाव आहे, आईचंही आहे. दोघींना फोन मीच करणार.