स्ट्रिंगरबाईंचा चषक कुठे आहे?

पिस्कॅटवेला रटगर्सच्या लिव्हिंग्स्टन कॅम्पसवर जे बंदिस्त क्रीडागृह आहे, ज्याला आपल्यातले जुने लोक अजून ‘रॅक’च म्हणतात, तिथल्या बास्केटबॉल कोर्टाला एका बाईंचं नाव दिलेलं आहे. सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर. १९९५ ते २०२२ या काळात त्या रटगर्सच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. ओक ट्री रोडवर भाजी घेऊन गाडी वळवली की थोड्या वेळात तिथे पोचता येतं, तरी आपल्यातल्या फार थोड्यांनी या बाईंचा संघ खेळताना पाहिला असेल.

एका स्नेह्यांनी जेवणाच्या पंगतीत मला विचारलं, “राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही, मग कोर्टाला नाव कशासाठी? शेजारी कनेटिकटच्या जीनो ऑरिएमांकडे बारा आहेत.” प्रश्न वेडगळ नाही. आपल्या घरांत मुलांना आपण हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारत असतो: नंबर कितवा आला? आकडे स्नेह्यांच्या बाजूचेच आहेत. स्ट्रिंगरबाईंच्या नावावर १०५५ विजय आहेत, ४२६ पराभव आहेत आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या रकान्यात शून्य आहे. तरीही माझं म्हणणं असं की संघ उभारणाऱ्याला त्या रकान्यावरून जोखणं चुकीचं आहे, आणि रटगर्सने नाव दिलं ते योग्यच केलं.

ते १०५५ कुठून आले ते पाहा. शेनी स्टेटमध्ये २५१ विजय, आयोवामध्ये २६९, रटगर्समध्ये ५३५. तीन विद्यापीठं, आणि तिन्हींना त्यांनी ‘फायनल फोर’पर्यंत, म्हणजे देशातल्या शेवटच्या चार संघांत नेलं. पुरुषांच्या किंवा महिलांच्या संघाच्या कुठल्याही प्रशिक्षकाने त्याआधी तीन वेगवेगळ्या विद्यापीठांबरोबर हे केलेलं नव्हतं. विजेतेपद मिळवायला एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं ठाण मांडून बसणं सोयीचं पडतं. एकदा नाव झालं की देशातल्या सर्वोत्तम मुली आपणहून येतात, त्या आल्या की जिंकता येतं, जिंकलं की पुढच्या वर्षी आणखी चांगल्या मुली येतात. ऑरिएमांचं कर्तृत्व मी कमी लेखत नाही. ते चक्र सुरू करणं हेही कामच आहे. पण स्ट्रिंगरबाईंनी ते तीनदा, तीन निरनिराळ्या मातीत सुरू केलं, आणि पहिल्यांदा तर मातीही नव्हती.

शेनी हे फिलाडेल्फियाजवळचं छोटं कृष्णवर्णीय विद्यापीठ, १८३७ साली सुरू झालेलं, त्या प्रकारातलं देशातलं सर्वांत जुनं. बाई १९७१ मध्ये तिथे शारीरिक शिक्षण शिकवायला लागल्या आणि बास्केटबॉलचा संघ हा त्या नोकरीबरोबर आलेला उद्योग होता. ‘टायटल नाइन’ हा कायदा, ज्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेद करायला बंदी झाली, तो जून १९७२ चा. म्हणजे बाईंनी सुरुवात केली तेव्हा मुलींच्या खेळाला कायद्याचा आधारसुद्धा नव्हता. पुरुषांचा संघ जॉन चेनी शिकवत. पुढे टेंपल विद्यापीठात गाजले तेच. दोघांमध्ये एक जिम. एकमेकांचा सराव बघत, बचावाचे डाव उसने घेत दोघेही वाढले.

मार्च १९८२ मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. बत्तीस संघ होते. अंतिम सामना व्हर्जिनियात नॉरफोकला झाला: लुइझियाना टेक विरुद्ध शेनी स्टेट. शेनी ७६-६२ असं हरलं. ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाचा संघ या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यानंतर पुन्हा आलेला नाही. आणि हे सगळं चालू असताना बाईंची लहान मुलगी, जिला काही महिन्यांपूर्वी मेनिंजायटिसने गाठलं होतं, इस्पितळात होती. हे मी डोळे पाणावावेत म्हणून सांगत नाही. पुढच्याच वर्षी आयोवाची नोकरी स्वीकारताना तिथलं विद्यापीठाचं मोठं इस्पितळ हे एक कारण होतं, म्हणून सांगते. प्रशिक्षकांच्या बदल्यांकडे आपण महत्त्वाकांक्षेचा जिना म्हणून बघतो. बाईंच्या बाबतीत तो अनेकदा संसाराचा हिशेब होता.

(एक योगायोग न्यू जर्सीकरांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९८२ पर्यंत महिलांच्या कॉलेज खेळांची एआयएडब्ल्यू नावाची वेगळी संघटना होती. तिची शेवटची राष्ट्रीय स्पर्धा त्याच महिन्यात झाली आणि ती जिंकली रटगर्सने, तेरेसा ग्रेंट्झ यांच्या मार्गदर्शनाखाली. तेव्हा रटगर्समध्ये सगळं शून्यातून बाईंनीच केलं असं म्हणणं ग्रेंट्झ यांच्यावर अन्याय होईल.)

आयोवात क्रिस्टिन ग्रँट महिला क्रीडा विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी बाईंना आणलं. मका आणि कुस्ती यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या राज्यात फेब्रुवारी १९८५ मध्ये ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला २२,१५७ माणसं आली. कार्व्हर-हॉकआय सभागृहात बसायची सोय साधारण पंधरा हजारांची. महिलांच्या कॉलेज सामन्याला अशी गर्दी तोवर कुणी पाहिली नव्हती. आज केटलिन क्लार्कमुळे आयोवाचं नाव आपल्या मुलींनाही ठाऊक आहे, आणि वर्तमानपत्रं लिहितात जणू काही मुलींच्या बास्केटबॉलला गर्दी २०२३ मध्येच जमली. आयोवाच्या लोकांना मुलींचा खेळ तिकीट काढून बघायची सवय त्याच्या चाळीस वर्षं आधी लागली होती. ती लावणाऱ्यांत स्ट्रिंगरबाई होत्या.

१९९२ च्या थँक्सगिव्हिंगला त्यांचे पती बिल अचानक हृदयविकाराने गेले. त्याच मोसमात आयोवा फायनल फोरला पोचलं आणि उपांत्य सामन्यात, जादा वेळेत, ओहायो स्टेटकडून ७२-७३ असं हरलं. एक गुण.

मग १९९५ मध्ये रटगर्स. रटगर्सला पूर्वेचं रत्न करीन, असं त्या म्हणाल्या होत्या. पहिली दोन वर्षं विजयांपेक्षा पराभव जास्त. पाचव्या मोसमात, २००० साली, फायनल फोर. बचाव हा त्यांचा धर्म. ‘फिफ्टी-फाइव्ह’ नावाचा पूर्ण कोर्टभर दाबून धरणारा प्रेस: समोरच्या संघाने चेंडू आत टाकल्यापासून त्याला मध्यरेषा ओलांडू द्यायची नाही. खरं सांगायचं तर तो बघायला नेहमी रंजक नसे. मध्यंतरापर्यंत दोन्ही संघांचे मिळून चाळीस गुण होत. ज्यांना तीन गुणांचे लांबून मारलेले फटके आवडतात त्यांनी घरीच बसावं.

पण २००६-०७ चा मोसम घ्या. संघात दहा मुली, त्यांतल्या पाच पहिल्या वर्षाच्या. डिसेंबरमध्ये ड्यूकने पिस्कॅटवेला येऊन त्यांना ८५-४५ असं धुतलं. घरच्या मैदानावर चाळीस गुणांनी. मार्चमध्ये बिग ईस्टच्या स्पर्धेत याच मुलींनी कनेटिकटला ५५-४७ हरवलं. मग राष्ट्रीय स्पर्धेत ग्रीन्सबरोला पुन्हा ड्यूक समोर आलं, पहिल्या मानांकनाचा संघ. रटगर्स ५३-५२. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत जे घडलं, त्याला मी प्रशिक्षकाचं काम म्हणते. अंतिम सामन्यात टेनेसीकडून ४६-५९ असा पराभव झाला, तो वेगळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉन आयमस या रेडिओवाल्याने देशभर ऐकू जाणाऱ्या कार्यक्रमात या मुलींच्या रंगावरून, केसांवरून घाणेरडी टिंगल केली. पुढचे दहा दिवस काय झालं ते तेव्हा इथे असणाऱ्यांना आठवत असेल. १० एप्रिलला बाई सगळ्या संघाला घेऊन पत्रकारांसमोर बसल्या आणि एकेका मुलीची ओळख करून दिली: ही काय शिकते, हिला काय वाजवता येतं, ही पुढे काय होणार आहे. १२ एप्रिलला सीबीएसने आयमसला काढलं. त्याच संध्याकाळी प्रिन्स्टनला राज्यपालांच्या निवासस्थानी मुली आयमसला समोरासमोर भेटल्या आणि माफी स्वीकारली. राज्यपाल कॉर्झाइन त्या भेटीला येताना पार्कवेवर अपघातात सापडले, पट्टा लावलेला नव्हता, जेमतेम वाचले. न्यू जर्सीत कुठलीही गोष्ट पार्कवेशिवाय पुरी होत नाही.

या प्रसंगाने बाई सगळ्या देशाला माहीत झाल्या. मला मात्र त्यांच्या कामाची खूण दुसरीकडे दिसते. १९८२ च्या शेनी संघात योलांडा लेनी नावाची एक उत्तम खेळाडू होती. तीस वर्षांनी तिची मुलगी बेटनिजा कॉलेजात जायच्या वयाची झाली, आणि गेली रटगर्सला, आईच्याच प्रशिक्षकाकडे. ज्या बाईने आपल्याला दमवलं, रडवलं, बाकावर बसवलं, तिच्याच हातात स्वतःची मुलगी सोपवायची, हे प्रशस्तिपत्रक कुठल्या चषकावर कोरता येईल? बेटनिजा पुढे डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळली. कॅपी पॉन्डेक्स्टर, एसेन्स कार्सन, कालिआ कॉपर, एरिका व्हीलर याही इथूनच गेल्या. कॉपर २०२१ च्या डब्ल्यूएनबीए अंतिम मालिकेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. व्हीलरला तर निवडीच्या दिवशी कुणी घेतलंच नव्हतं. २०१९ च्या ऑल-स्टार सामन्यात तीच सर्वोत्तम. जोलेट लॉ आयोवात बाईंकडे खेळली, रटगर्समध्ये त्यांची सहायक झाली, आणि पुढे साउथ कॅरोलायनात मुख्य प्रशिक्षक डॉन स्टेलीच्या बाकावर बसून २०२२ आणि २०२४ ची विजेतेपदं पाहिली. स्नेह्यांना चषकच मोजायचे असतील तर हे दोन अर्धे-अर्धे धरायला माझी हरकत नाही.

आता उलट बाजू, कारण ती आहे आणि जड आहे. शेनीचा संघ बाई गेल्यावर १९८४ मध्ये पुन्हा फायनल फोरला पोचला, म्हणजे पाया पक्का होता. पण विद्यापीठच आर्थिक अडचणीत खचत गेलं आणि २०१८ मध्ये एनसीएएच्या दुसऱ्या श्रेणीतूनही बाहेर पडलं. आयोवाला पुढच्या फायनल फोरसाठी तीस वर्षं थांबावं लागलं. रटगर्सचं तर डोळ्यांसमोर आहे. बाईंच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत संघ मार्चमध्ये पूर्वीइतका पुढे जात नव्हता, मुली सोडून जात होत्या. २०२१-२२ च्या मोसमात त्या रजेवर होत्या, मग निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोकीज वॉशिंग्टन आल्या, त्यांच्या हाती जवळजवळ रिकामी खोली आली, आणि पहिल्या दोन्ही मोसमांत पराभव विजयांहून बरेच जास्त होते. जे उभारलं ते उभारणाऱ्यामागे टिकलं नाही, तर त्याला उभारणी म्हणायचं का?

माझं उत्तर असं की टिकवण्याची जबाबदारी एकट्या प्रशिक्षकावर टाकून विद्यापीठं मोकळी होतात, आणि आपणही होऊ देतो. १००० वा विजय नोव्हेंबर २०१८ मध्ये झाला. एवढे विजय मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कॉलेज बास्केटबॉल प्रशिक्षक. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या. पुढे कोण, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता, आणि तो विचारायचं काम त्यांना नेमणाऱ्यांचं होतं. बाईंनीही तयार वारस पुढे केला नाही, हा दोष त्यांच्याकडे जातोच. मोठी माणसं खुर्ची उशिरा सोडतात. आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत ज्यांनी काम केलंय त्यांना यावर अधिक सांगायला नको.

आपल्यातल्या कितीतरी जणी गावाकडे खो-खो, कबड्डी खेळत वाढल्या आणि दहावीच्या वर्षी घरच्यांनी खेळ बंद केला. व्हिव्हियन स्टोनर (हे त्यांचं माहेरचं नाव) पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणीच्या वस्तीत वाढली, वडील खाणकामगार. तिच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता, म्हणून ती चीअरलीडरच्या निवडीला गेली. काळी म्हणून तिला घेतलं नाही. घरच्यांनी आणि बाहेरच्यांनी मिळून दाद मागितली तेव्हा घेतलं. त्या मुलीला पुढे आयुष्यभर हेच करावंसं वाटलं असेल की दुसऱ्या मुलींना संघ असावा, तर नवल नाही. आपल्या मुली इथल्या हायस्कुलांत खेळतात, त्यांना गणवेश, बस, प्रशिक्षक मिळतात. ही व्यवस्था आपोआप आलेली नाही आणि ती आपोआप राहणारही नाही.

आता तर खेळाचा बाजारच बदलला आहे. २०२१ पासून खेळाडू एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलू शकतात, जाहिरातींतून कमवू शकतात. जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी साडेवीस दशलक्ष डॉलरपर्यंत. खेळाडूंना पैसे मिळताहेत हे न्याय्यच आहे. पण चार वर्षं एकाच मुलीला घडवायचं, डिसेंबरात चाळीस गुणांनी हरलेला संघ मार्चपर्यंत बांधायचा, ही स्ट्रिंगरबाईंची पद्धत या बाजारात अवघड होणार. आणि ठिकठिकाणी त्या रकमेचा मोठा हिस्सा फुटबॉलकडे जातोय. रटगर्स हे राज्याचं विद्यापीठ आहे. आपण त्याला कर देतो, आपली निम्मी मुलं तिथे फी भरतात. म्हणून बाईंचा चषक कुठे आहे असं विचारणाऱ्या स्नेह्यांना माझी सूचना आहे की प्रश्न क्रीडा विभागाला विचारावा, आणि तो असा: नव्या पैशातला किती टक्के वाटा महिलांच्या बास्केटबॉलला मिळतो? मंडळाच्या नावाने असं पत्र कुणी लिहिलं तर पहिली सही मी करीन.