जग कशासाठी संपवलंय?

जग उद्ध्वस्त झाल्यावर तगून राहायचं, अशा व्हिडिओ गेम्सची सध्या काही कमी नाही. त्यातला एखादा खेळण्याजोगा आहे का, हे मी एकाच प्रश्नावर ठरवतो. यात जग कशासाठी संपवलंय? बहुतेक ठिकाणी ते खेळाडूच्या हाती बंदूक देण्यासाठी संपवलेलं असतं. माणसांचे झॉम्बी केले की गोळ्या घालताना मनाला काही लागत नाही. शहरं ओस पाडली की कपाटं उचकायला मोकळीक मिळते. वेळ मजेत जातो, पण आठवडाभराने त्यातलं काही आठवत नाही.

कॉलेजात जाणारा माझा भाचा परवा ‘द लाँग डार्क’बद्दल विचारत होता, ‘‘मामा, घालू का यात पैसे?’’ कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओचा हा गेम २०१४ मध्ये अर्धवट अवस्थेत विक्रीला आला आणि २०१७ मध्ये रीतसर प्रकाशित झाला. त्यात झॉम्बी नाहीत. एक भूचुंबकीय वादळ येतं, वीज कायमची जाते आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या एका बर्फाळ बेटावर तुम्ही एकटे उरता. बेट काल्पनिक आहे, पण संकट हवेतून आणलेलं नाही. १३ मार्च १९८९ रोजी सूर्यावरून आलेल्या अशाच वादळाने क्यूबेक प्रांताची वीज घालवली होती. सुमारे साठ लाख लोक अंधारात होते. नऊएक तासांनी वीज परत आली. ती परत आलीच नसती तर, एवढंच हा गेम विचारतो.

मग तुमच्यासमोर उरतात थंडी, भूक, तहान आणि थकवा. बर्फ वितळवायचा, ते पाणी उकळायचं, तेव्हा कुठे पिता येतं. त्यासाठी चूल हवी, चुलीला लाकूड हवं, लाकडासाठी बाहेर पडायला हवं आणि बाहेर वारा सुटलेला असतो. कपडे भिजले की त्यांची ऊब जाते. पाठीवर साधारण तीस किलो वजन पेलतं, त्याहून जास्त झालं की चाल मंदावते. संध्याकाळी सरपण संपत आलेलं असताना केबिनमधली खुर्ची फोडून जाळावी, की उजेड आहे तोवर बाहेर फांद्या वेचाव्यात? इतक्या साध्या गोष्टीवर पाच-पाच मिनिटं विचार करायला लावणारा दुसरा गेम मला माहीत नाही. कुठे एखादा गोठून मेलेला माणूस सापडतो. त्याच्या अंगावरचे हातमोजे आपल्याला हवे असतात. ते काढून घेताना मला दर वेळी थांबायला होतं, आणि एखाद्या गेमने माझ्याकडून ही एवढी गोष्ट करून घेतली तरी मला तो मोलाचा वाटतो.

नकाशा आयता मिळत नाही. कोळशाने आपला आपण काढायचा, आणि त्यावरही ‘तुम्ही इथे आहात’ अशी खूण नसते. त्यामुळे गोठलेलं तळं, रेल्वेचे रूळ, धरणाची भिंत हे सगळं नीट बघून लक्षात ठेवावं लागतं. ‘सर्व्हायव्हल’ या मुख्य विभागात मेलात तर मागच्या टप्प्यावर परतायची सोय नाही. अंधार पडताना दुरून लांडग्याची आरोळी ऐकू आली की पोटात गोळा येतो, तो यामुळेच.

उणिवाही सांगायला हव्यात. यातले लांडगे माणसावर ज्या सहजपणे धावून येतात तसे खरे लांडगे येत नाहीत. गेम स्वतःच सुरुवातीला तशी सूचना देतो. कथेचा वेगळा विभाग मला रेंगाळलेला वाटला. याला अन्न आणून दे, त्याला लाकूड आणून दे, यात त्याचा बराच भाग जातो. गेमचा जीव आहे तो ‘सर्व्हायव्हल’ विभागात. शिवाय मनात येईल तेव्हा खेळ साठवून उठता येत नाही. त्यासाठी आडोशाला जावं लागतं किंवा झोपावं लागतं. ज्याच्या हाताशी रोज मोजून वीस मिनिटं असतील त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

‘स्टीम’ या गेम्सच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत परत केला आणि तो दोन तासांहून कमी खेळला असेल, तर पैसे परत मिळतात. ‘द लाँग डार्क’मधला एक अख्खा दिवस आपल्या घड्याळाने दोन तासांचा असतो. झोपेत आणि कामांत वेळ भराभर सरतो हे खरं, तरी त्या मुदतीत नवख्याला दिसतं ते बर्फातून चालणं आणि कपाटं धुंडाळणं. ते चालणंच ज्याला नकोसं होईल त्याने खुशाल पैसे परत घ्यावेत. पुढेही चालणं आहेच. पण ‘अजून काही घडलं नाही’ एवढ्यासाठी कुणी तो परत करू नये.

भाच्याला मी ‘घे’ म्हणालो. ‘पिलग्रिम’ या सर्वांत सोप्या पातळीवर जनावरंच तुम्हाला भिऊन पळतात, म्हणून त्याने ‘व्हॉयेजर’पासून सुरुवात करावी असं सांगितलं. आणि कुठल्या केबिनमध्ये काय सापडतं याच्या याद्या इंटरनेटवर आहेत, त्या निदान पहिल्यांदा खेळताना उघडायच्या नाहीत, हेही बजावलं.